डाव हरला की स्ट्रायकर भिरकावणारा मुलगा आणि दार लावून घेणारी मुलगी

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळच्या पुढे राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. मुलगा तिसरीत आहे. कॅरममध्ये हरला किंवा मोबाईल काढून घेतला की हाताला लागेल ते फेकतो, मला मारतोसुद्धा. दहा मिनिटांनी स्वतःच रडत मांडीत येऊन बसतो. मुलगी नववीत. काही विचारलं की 'काही नाही' आणि दार बंद. त्यात गेल्या महिन्यात तिने वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलीची नक्कल करून ती क्लिप ग्रुपवर टाकली. आम्ही ओरडलो तर म्हणाली, 'गंमत होती, सगळेच हसले.' सासूबाई म्हणतात, वेळेवर एक धपाटा दिला असता तर ही वेळ आली नसती. मी एक व्हिडिओ बघून मुलापुढे पेढा ठेवला आणि पंधरा मिनिटं थांबलास तर दोन देईन म्हटलं. मी पाठ फिरवायच्या आत त्याने तो खाल्ला. राग आवरणं, दुसऱ्याचं मन ओळखणं हे शिकवता येतं का, की तो स्वभावच असतो? हल्ली भावनांचे क्लास निघालेत, ते लावू का?"

पेढ्यापासून सुरुवात करते, कारण तुम्ही लिहिलंय त्यातल्या तेवढ्या एका गोष्टीची अजिबात काळजी नको. हा प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९६०च्या दशकाच्या अखेरीला सुरू झालेला. थांबलेली मुलं पुढे अभ्यासात सरस निघाली, एवढंच व्हिडिओवाले सांगतात. २०१८ मध्ये कितीतरी जास्त मुलांच्या बाबतीत हे पुन्हा तपासलं गेलं. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर तो संबंध अगदी क्षीण उरला. पण त्या प्रयोगातली खरी मजा वेगळीच आहे. जी मुलं थांबली ती दातओठ खाऊन थांबली नव्हती. कुणी डोळे झाकून घेतले, कुणी पाठ फिरवली, कुणी गाणं म्हणत बसलं. त्यांच्याकडे काही जगावेगळा मनोनिग्रह नव्हता, युक्त्या होत्या. आणि युक्त्या शिकवता येतात. (शिवाय तुमचा मुलगा साडेआठ वर्षांचा आणि पेढा समोर. मीही खाल्ला असता.)

स्वभाव नसतोच असं मात्र मी म्हणणार नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. काही बाळं पहिल्यापासून नेमाने झोपणारी, पटकन रुळणारी. काही प्रत्येक नव्या गोष्टीला आकांत करणारी. काही बिचकत बिचकत हळूहळू मोकळी होणारी. हे आपल्या आज्याही सांगायच्याच. त्या दोघांनी भर दिला तो दुसऱ्याच गोष्टीवर: मुलाचा पिंड आणि घराची रीत यांचं जमतं का? तापट मुलाच्या घरात मोठी माणसंही दार आपटणारी असतील, तर त्या मुलाने शांतपणा बघायचा कुठे?

मी बावीस वर्षं ठाण्यात मुलांबरोबर काम करते. आधी शाळांमध्ये समुपदेशक होते, आता नौपाड्यात माझी छोटी खोली आहे. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट पक्की कळली असं म्हणता येईल. मूल शांतपणा आधी उसना घेतं, स्वतःचा कमवायला त्याला पुढे बरीच वर्षं लागतात. म्हणून तुमच्या सगळ्या मजकुरातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे "दहा मिनिटांनी मांडीत येऊन बसतो". बिघडलेलं मूल मांडीत येत नाही. त्याला माहीत आहे उसनं कुठे मिळतं ते.

आता ती दहा मिनिटं. त्या वेळात मुलाला काहीही शिकवता येत नाही, हे आधी मनाशी धरा. थांबणं, तोलणं, परिणामांचा विचार करणं हे मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं काम, आणि तो भाग पुरता पिकायला विशी उलटून जावी लागते. साडेआठ वर्षांच्या मुलाचा हा भाग एरवीच कच्चा, त्यात संतापाच्या भरात तो जवळपास रजेवर असतो. अशा वेळी "का फेकलंस? किती वेळा सांगितलं? ताईने असं केलं का कधी?" हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आवाज खाली आणा. स्वतः खाली बसा, उभ्या माणसाची भीती वाटते. वाक्यं दोनच: "मारू देणार नाही. मी इथेच आहे." हात उगारला तर मनगट धरा, पिरगाळू नका. डोळ्यांत डोळे घालून बघायला लावू नका. रडणं सुरू झालं की समजा उतार लागला. पाणी द्या, जवळ येत असेल तर येऊ द्या. जे काही बोलायचं ते जेवणानंतर किंवा रात्री अंथरुणावर, आणि तेही पाच मिनिटं.

"म्हणजे मारलं तरी मांडीत घ्यायचं? लाडावेल की!" असं सासूबाई म्हणतील. मांडीत घेणं म्हणजे माफी नव्हे. फुटलेली वस्तू त्यानेच उचलायची, सोंगट्या त्यानेच गोळा करायच्या, तुम्हाला लागलं असेल तर बर्फ त्यानेच आणून द्यायचा. फक्त हे सगळं पाणी ओसरल्यावर.

आणि सासूबाईंचं म्हणणं सरसकट उडवून लावू नका. त्यांच्या वाक्यातला 'धपाटा' चुकीचा आहे, 'वेळेवर' हा शब्द मात्र अगदी बरोबर. धपाट्याने अंग थांबतं, भीतीने. पण पुढच्या वेळी राग आला तर काय करायचं ते कळत नाही. उलट मोठ्याने लहानाला मारलं की प्रश्न मिटतो एवढंच कळतं, आणि तुमचा मुलगा तोच प्रयोग तुमच्यावर करून बघतोय. 'वेळेवर' म्हणजे काय ते जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये छान मांडलं. भावना उसळायच्या आधीपासून ती बाहेर पडेपर्यंत पाच ठिकाणी हात घालता येतो: त्या प्रसंगात जायचं की नाही, गेलो तर प्रसंग थोडा बदलायचा का, लक्ष कुठे ठेवायचं, त्या गोष्टीचा अर्थ काय लावायचा, आणि शेवटी, उसळलेली भावना आवरायची कशी. आपण आईबाप बहुतेक वेळा पाचव्या ठिकाणी उगवतो. तुम्ही घोडबंदरवाले, तुम्हाला लगेच कळेल. बोरिवलीला जायचंय, गायमुख घाटात ट्रेलर बंद पडलाय आणि तुम्ही मागे अडकून हॉर्न वाजवताय. उपयोग शून्य. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जायचं की इकडून, हे घरातून निघतानाच ठरवायचं होतं.

मुलाच्या बाबतीत हे असं दिसतं. मोबाईल "पाच मिनिटांत बंद" करायला सांगू नका, लहान मुलाला पाच मिनिटं दिसत नाहीत. "ही मॅच संपली की तू बंद करून माझ्या हातात द्यायचा" असं सांगा. मधेच ओढून घेतलेला फोन म्हणजे दाराबाहेर भांडण उभं करणं. संध्याकाळी शाळेतून, क्लासमधून आल्या आल्या खेळायला बसवू नका, आधी पोटात काहीतरी जाऊ दे. माझ्याकडे आलेल्या कितीतरी 'रागीट' मुलांचा निम्मा राग भूक आणि झोप यांतून निघाला. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोजची नऊ ते बारा तास झोप लागते, ती तुमच्याकडे होते का ते आठवडाभर मोजा. एवढ्याने आठवड्यातले दोन-तीन स्फोट कमी होतात, कुठलंही समुपदेशन न करता.

उरलेल्यांसाठी कॅरम. हो, तोच कॅरम.

माझ्या खोलीत एक लहान बोर्ड आहे. काही वर्षांपूर्वी एक नऊ वर्षांचा मुलगा यायचा (तपशील बदललेत), हरला की बोर्डच उलटायचा. पहिल्या दिवशी आम्ही बोललोच नाही, खेळलो. त्याने राणी घेतली, कव्हर चुकलं, राणी परत बोर्डावर आली. मी बोर्डाकडे नाही, त्याच्याकडे बघत होते. आधी पायाची बोटं चटईत रुतली. मग डावा कान लाल झाला. मग श्वास अडकला, आणि मग हात उठला. कव्हर चुकल्यापासून हात उठेपर्यंत तीन-चार सेकंद. पुढच्या आठवड्यात कान लाल झाल्याबरोबर मी नुसतं म्हटलं, "कान तापला बघ." त्याने खेळ थांबवून कानाला हात लावला. खरंच गरम होता. त्याला एवढी मजा वाटली की राग बाजूलाच राहिला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, कान." मग आम्ही ठरवलं: कान तापला की स्ट्रायकर बोर्डावर ठेवायचा, त्यावर तळहात पालथा दाबायचा आणि तोंडाने लांब फुंकर मारायची, बोरिक पावडर उडेल इतकी. श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांब झालं की हृदयाचे ठोके मंदावतात. मुलाला हे सांगायची गरज नाही, पावडर उडाली म्हणजे झालं. तीन महिने लागले. त्यातही घरी दोनदा बोर्ड उलटला. त्याची आई वैतागून म्हणाली, "काहीच फरक नाही." मी विचारलं, आधी महिन्यात किती वेळा उलटायचा? "रोजच की."

ही झाली एक युक्ती, आणि ती शांत असताना, खेळात, पुन्हा पुन्हा घोटलेली. डाव मांडायच्या आधीच विचारा: "हरलास तर काय करायचं ठरलंय?" त्याला मुद्दाम जिंकवू नका, मुलांना ते कळतं आणि अपमान वाटतो. तुम्ही हरलात की मोठ्याने बोला: "च्यायला, आज माझा एकही नेम लागत नाही. चीड येतेय. जरा पाणी पिऊन येते." (च्यायला तुमच्या घरात चालत नसेल तर गाळा.) मोठं माणूस चिडतं आणि चिडूनही ठीक असतं, हे त्याने पाहिलं पाहिजे.

त्या मुलाच्या कानावरून मला दुसरी एक गोष्ट सुचली, ती सांगते. आपल्या भाषेने भावना अंगात नेमक्या कुठे राहतात ते आधीच लिहून ठेवलंय. पोटात गोळा येतो. छातीत धस्स होतं. डोक्यात तिडीक जाते. हात शिवशिवतात. घशात आवंढा येतो. तळपायाची आग मस्तकात जाते. जीव टांगणीला लागतो. मुलाला "तुला काय वाटतंय?" विचारलं तर ते खांदे उडवतं, "पोटात की डोक्यात?" विचारलं की लगेच बोट ठेवून दाखवतं.

नेमक्या शब्दाचं बळही मोठं आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, हालचाल कमी होते. आपल्या मुलांची अडचण अशी की ती इंग्रजी शाळेत जातात आणि घरी मराठी बोलतात, पण भावनांसाठी त्यांच्याकडे दोन्हीकडचे मिळून चार शब्द असतात: अँग्री, सॅड, बोअर आणि 'कसंतरी'. 'बोअर'मध्ये तर काय काय कोंबलेलं असतं! एकटं वाटणं, हेवा, झोप, भीती, सगळं बोअर.

माझ्याकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात चिठ्ठ्या: हिरमोड, चडफड, धास्ती, हुरहुर, खट्टू, खजील, कानकोंडं, हेवा, वैताग, रुसवा, चुटपुट. मूल चिठ्ठी काढतं, मी त्या शब्दाची एक गोष्ट सांगते, मग ते सांगतं. एका चौथीतल्या मुलीला 'हिरमोड' शब्द इतका आवडला की तिने तो घरी नेला. झालं असं होतं की बाबांनी येऊरला न्यायचं कबूल केलं होतं आणि ऐन वेळी ऑफिसचा फोन आला. त्या दिवशी तिने डबा फेकला होता, सगळ्यांनी 'राग' म्हटलं होतं. "मला राग नव्हता आला, माझा हिरमोड झाला होता," असं ती पुढे बाबांना म्हणाली. रागाला उत्तर म्हणून बाबा ओरडले होते. हिरमोडाला काय उत्तर द्यायचं ते कुठल्याही बापाला कळतं.

'रुसवा'ही तसाच. राग कुणावरही येतो, अगदी रिक्षावाल्यावरही. रुसतो आपण फक्त हक्काच्या माणसावर, आणि समजूत काढली जाईल या भरवशावर. मूल रुसलंय की रागावलंय एवढा फरक जरी ओळखता आला तरी पुढचं निम्मं सोपं होतं. आणि हे शब्द तुमच्या घरात कुणाकडे आहेत? सासूबाईंकडे. त्यांना डबा भरायला सांगा. रोज एक शब्द आणि त्याची त्यांच्या लहानपणची एक गोष्ट. धपाट्यापेक्षा हे काम त्यांना जास्त आवडेल, माझा अनुभव आहे.

आता मुलगी. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

दार बंद करण्याची फार काळजी नको. चौदाव्या वर्षी दार हवंच असतं. टकटक करून आत जा, आणि दाराशी उभं राहून चौकशी आयोग नेमू नका. या वयाची मुलं समोरासमोर बसवली की गप्प होतात, शेजारी असली की बोलतात: स्कूटरवर मागे, भाजी निवडताना, तलावपाळीला फेरी मारताना. वाघबीळहून स्टेशनला येताना टीएमटीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसून चांगला पाऊण तास मिळतो. ट्रॅफिकचा एवढा एकच फायदा मला माहीत आहे. त्या वेळी तुम्ही प्रश्न विचारू नका. स्वतःचं काहीतरी सांगा, थोडं फजितीचं. मग थांबा. बरेचदा कापूरबावडी आली की सुरुवात होते. झोपेचंही बघा. किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, रात्री अकरापर्यंत डोळा लागत नाही, आणि आठ ते दहा तासांची गरज तर असतेच. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. नववीवाल्यांची पहाट काही सुटली नाही. सकाळच्या शाळेच्या मुलीशी दुपारी अडीचला गंभीर विषय काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

क्लिपचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि ते 'वय आहे' म्हणून सोडू नका.

नक्कल करायला काय लागतं याचा विचार करा. समोरची मुलगी कुठल्या अक्षरावर अडते, अडल्यावर डोळे कसे मिटते, मान कशी झटकते, हे सगळं बारकाईने टिपावं लागतं. म्हणजे तुमच्या मुलीला दुसऱ्याचं दिसत नाही असं नाही, फार चांगलं दिसतं. समानुभूतीचे दोन भाग असतात. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं हा एक, आणि ते आपल्याला थोडंसं लागणं हा दुसरा. छळणाऱ्या मुलांमध्ये पहिला भाग कधी कधी भरपूर असतो, म्हणून तर त्यांना नेमकं कुठे टोचायचं ते कळतं. तेव्हा तिला 'समज नाही' असं म्हणू नका. समज आहे, त्या क्षणी ती टाळ्यांकडे वळली. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग केला. गाडी चालवायच्या खेळात, दोस्त बघत असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटं असतानाच्या मानाने बरेच जास्त धोके पत्करले. चोविशीच्या पुढच्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. ग्रुपवर चाळीस जणं हसण्याच्या बाहुल्या टाकतायत, यापेक्षा मोठा प्रेक्षकवर्ग कुठला?

तुम्ही ओरडलात, स्वाभाविक आहे. ओरडताना "लाज नाही वाटत?" असं म्हणाला असालच. इथे आपल्या भाषेतले दोन शब्द वेगळे ठेवा: लाज आणि चुटपुट. लाज म्हणते, 'मी वाईट आहे.' लाजलेलं माणूस स्वतःला लपवतं, कारणं देतं, उलट चिडतं. त्या वेळी त्याचं सगळं लक्ष स्वतःवर असतं, समोरच्याला बघायला जागाच उरत नाही. चुटपुट म्हणते, 'माझ्या हातून हे वाईट झालं.' चुटपुट लागलेलं माणूस दुसऱ्याकडे बघतं आणि काहीतरी दुरुस्त करायला धडपडतं. आपल्याला हवी आहे ती चुटपुट. "गंमत होती" हे लाजेचं बोलणं आहे, निगरगट्टपणाचं असेलच असं नाही.

मग चुटपुट लावायची कशी? "तुला कोणी असं केलं असतं तर?" हा आपला ठेवणीतला प्रश्न सहसा चालत नाही. "मला काही वाटलं नसतं," हे उत्तर तयार असतं आणि तुम्ही अडकता. मार्टिन हॉफमन यांनी समानुभूतीचा अभ्यास आयुष्यभर केला. त्यांचं म्हणणं असं, की धाकदपटशा किंवा अबोला यांपेक्षा आपल्या वागण्याने दुसऱ्याचं काय झालं याकडे मुलाचं लक्ष वळवणं जास्त कामी येतं. मी ते अगदी बारीक तपशिलांत करते. "तिने ती क्लिप पहिल्यांदा कुठे बघितली असेल? घरी? शेजारी कोण बसलं होतं? आईने विचारलं असेल का, काय झालं म्हणून? दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताना ती कुठल्या दाराने आली? आता तोंडी परीक्षेत तिचं नाव पुकारलं की तिला आधी काय आठवेल?" एवढंच विचारायचं, हळू आवाजात, आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. एका मुलाने माझ्यासमोर या प्रश्नांवर सात-आठ मिनिटं फक्त पेनाचं टोपण उघडझाप केलं. मग म्हणाला, "ती गुरुवारी आलीच नव्हती शाळेत." हे त्याला आधीपासून माहीत होतं, त्याने त्याकडे बघितलं नव्हतं इतकंच.

त्यानंतर "सॉरी म्हण" असा हुकूम सोडू नका. सॉरी हा हल्ली खोडरबरासारखा वापरतात. "आता तू काय करणार आहेस?" असं विचारा आणि तिला दोन दिवस द्या. क्लिप काढून टाकणं ताबडतोब, त्यात चर्चा नाही. ज्या ग्रुपवर टाकली तिथेच 'मी केलं ते चुकलं' असं लिहिणं कठीण आहे, पण चांगलं. त्या मुलीला भेटायचं तर आधी विचारून. तिला भेटायचं नसेल तर तोही तिचा हक्क आणि माफ करायचं की नाही हासुद्धा. शाळेच्या समुपदेशकांना तुम्हीच कळवा, लपवू नका. आणि तुमच्या मुलीला एक साधी माहिती द्या: अडखळणाऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नसतं, "हळू बोल" म्हणायचं नसतं, तोंडाकडे टक लावून बघायचंही नसतं. नेहमीसारखं बघत, बोलणं संपेपर्यंत थांबायचं. बऱ्याच मुलांना दुसऱ्याशी चांगलं वागायचं असतं, पण हातांचं काय करायचं ते माहीत नसतं.

ही झाली एका प्रसंगाची गोष्ट. एरवी समानुभूती शिकवायला वेगळा वेळ काढायची गरज नाही. घरकामाला येणाऱ्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत तर फोनवर पहिलं वाक्य तुम्ही काय बोलता? पावसात भिजून आलेल्या डिलिव्हरीच्या मुलाला उशीर झाला म्हणून सुनावता, की पाणी विचारता? लिफ्टमध्ये वॉचमनकाकांशी बोलता का? मुलं हे सगळं टिपत असतात, माझ्या डब्यातल्या चिठ्ठ्यांपेक्षा कितीतरी जास्त. कॅनडात टोरांटोमध्ये मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये एक उपक्रम सुरू केला. शेजारपाजारचं एक तान्हं बाळ वर्षभर अधूनमधून वर्गात आणायचं आणि मुलांनी ते कशाने रडतं, कशाने हसतं हे ओळखायचं. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे बाळ असेलच. नववीतल्या मुलीला रविवारी अर्धा तास ते सांभाळायला पाठवा. शिकवायला म्हणून नको, त्या आईला आंघोळीला वेळ मिळावा म्हणून पाठवा.

तुम्ही नवऱ्याबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून तेही विचारते. रात्रीच्या लोकलने उभं राहून आलेला माणूस, पुढे रिक्षाची रांग, मग घोडबंदर. तो दारात पाय टाकतो तेव्हा त्याच्याकडे उसनं द्यायला काय शिल्लक असतं? माझ्याकडे येणारे एक वडील रिक्षा सोसायटीच्या आधीच्या चौकात सोडतात आणि शेवटची दहा मिनिटं चालत येतात. फोन खिशात. "आधी मी घरी यायचो तेव्हा गाडीतली गर्दी बरोबर घेऊन यायचो," असं ते म्हणाले होते.

आणि तुमचा तोल जाईलच. माझाही जातो. मुलगा दहावीत असताना मी पार्किंगमध्ये, दोन शेजाऱ्यांच्या देखत त्याच्यावर असं ओरडले होते की आजही आठवलं की कानशिलं तापतात. कारण होतं हरवलेली कंपासपेटी. एवढ्या वर्षांचा अनुभव, भिंतीवर प्रमाणपत्रं आणि कंपासपेटी! रात्री मी त्याच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मी ओरडले ते चुकलं. दिवसभराचा वैताग तुझ्यावर काढला." 'पण तूही' हे दोन शब्द जिभेवर आले होते, गिळले. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला एक प्रयोग आहे. आईने बाळासमोर चेहरा काही मिनिटं दगडासारखा ठेवायचा. बाळ आधी हसून, हातवारे करून तिला परत आणू बघतं, मग कोलमडतं. हा भाग सगळे सांगतात. ट्रॉनिक यांच्या कामातून पुढे हेही दिसलं, की चांगल्या आयांचाही बराचसा वेळ बाळाशी सूर जुळलेला नसतो. सूर तुटतो, पुन्हा जुळतो, आणि या पुन्हा जुळण्यातूनच बाळाला भरवसा मिळतो.

कधी मात्र घरच्या घरी थांबू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, अभ्यास सगळंच बदललं असेल. मूल शाळेत जायलाच तयार नसेल. स्वतःला इजा करत असेल, हाता-पायांवर ओरखडे-कापे दिसत असतील. मुक्या जनावराला मुद्दाम दुखवत असेल. किंवा जगून काय करायचं असं बोललं असेल. शेवटच्या बाबतीत स्पष्ट विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट सांगायची वाट मोकळी होते. रागाच्या आड कधी अतिचंचलता, कधी शिकण्यातली अडचण, कधी दडपण असतं. ते तज्ज्ञच बघू शकतात. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. "ठाण्याला भरती करा" हा विनोद आपण इतकी वर्षं केला की जवळचा दवाखानाच लांबचा झाला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही इथलीच. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

राहिला क्लास. लावायला हरकत नाही, पण आधी दोन गोष्टी विचारा: आईबाबांना किती वेळा बोलावतात, आणि मूल चिडून उठून गेलं तर तिथे काय करतात. पहिल्याचं उत्तर 'कधीच नाही' असेल किंवा दुसऱ्याचं 'आमच्याकडे असं होत नाही' असं असेल, तर फी वाचवा. त्या पैशांत मुलाला पोहायला घाला. पाण्यात श्वास सोडायला शिकावंच लागतं, आणि पोहून आलेलं मूल संध्याकाळी कॅरमपेक्षा आधी जेवण मागतं.